विषमता, प्रदूषण आणि पळवाट

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून भारताने प्रदूषणाविरुद्ध दोन आघाड्यांवर मोहीम काढली. एक हवेची, दुसरी नद्यांची. हवेसाठी वाहनांचे निकष आले, मोठ्या शहरांत गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले, सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना वारंवार फैलावर घेतले. नद्यांसाठी गंगा कृती योजना आली आणि तिच्या मागोमाग राष्ट्रीय नदी संवर्धन योजना. मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींचा जमाखर्च मांडला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. हवेच्या नियमांमुळे, विशेषतः कन्व्हर्टरच्या सक्तीमुळे, प्रदूषण बऱ्यापैकी घटल्याचे आकडे दाखवत होते. नद्यांच्या योजनेचा मात्र मोजता येईल असा परिणाम हाती लागला नाही.

देश तोच, नोकरशाही तीच, मग फरक का पडला? स्वच्छ हवेसाठी लोकांचा आणि न्यायालयांचा रेटा जास्त होता, हे दोघा संशोधकांचे स्पष्टीकरण. मला त्यात एक पदर आणखी दिसतो. नदी नासली तर सुखवस्तू घराच्या ओट्यावर आरओ मशीन बसते आणि लग्नाच्या मांडवात वीस लिटरचे जार येतात. हवेवर तेव्हा असा तोडगा नव्हता. दिल्लीतला न्यायाधीश, संपादक, सचिव आणि रिक्षावाला एकाच धुरात श्वास घेत होते. ज्या प्रदूषणातून वजनदार माणसाला स्वतःपुरती सुटका विकत घेता येत नाही, त्याच्याविरुद्ध कायदा धावतो. जिथे घेता येते तिथे तो रेंगाळतो. विकसनशील देशांतली उत्पन्नाची विषमता आणि तिथले पर्यावरण यांच्या नात्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रचंड लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे परस्परविरोधी आहे. तो गुंता उकलायला ही कसोटी उपयोगी पडते असे माझे मत आहे.

वादाची सुरुवात सायमन कुझनेट्सपासून धरतात. देश श्रीमंत होत जातो तशी विषमता आधी वाढते आणि पुढे उतरते, असा आराखडा त्यांनी १९५५ मध्ये मांडला होता. त्यात पर्यावरणाचा संबंध नव्हता. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी मेक्सिकोशी मुक्त व्यापार केल्यास प्रदूषण वाढेल का, हे तपासताना तशीच उलट्या वाटीसारखी रेघ सल्फर डायऑक्साइडच्या आकड्यांत पाहिली. १९९५ च्या लेखात त्यांनी सांगितले की बहुतेक प्रदूषके दरडोई उत्पन्न १९८५ च्या किमतींनुसार ८,००० डॉलरला पोचण्याआधीच उताराला लागतात. दरम्यान जागतिक बँकेच्या १९९२ च्या विकास अहवालाने ही रेघ धोरणकर्त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आधी श्रीमंत व्हा, स्वच्छता मागून येईल, असा तिचा सोयीस्कर अर्थ लावला गेला. ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी मात्र हे आपोआप घडत नाही, लोकांच्या मागणीतून आलेल्या नियमांमुळे घडते, असे बजावले होते. ते वाक्य फारसे कोणी उद्धृत केले नाही.

सरासरी उत्पन्नाच्या या रेघेत माणसामाणसांतला फरक पुसला जातो. तो फरक मध्यभागी आणला जेम्स बॉइस यांनी, १९९४ मध्ये. पर्यावरणाची प्रत्येक हानी कोणाच्या तरी फायद्याची असते, नाहीतर ती झालीच नसती, इथून ते सुरुवात करतात. मग तोटा सोसणारे गप्प का बसतात? एकतर ते अजून जन्मलेले नसतात, किंवा त्यांना तोट्याची खबर नसते, किंवा खबर असूनही त्यांच्या हातात बळ नसते. या तिसऱ्या कारणात विषमता शिरते. फायदा घेणारे बलवान आणि तोटा सोसणारे दुर्बळ असतील तर समाज गरजेपेक्षा जास्त प्रदूषण पत्करतो. उलट असते तर कमी पत्करले असते. बॉइस यांचा भर पैशापेक्षा सत्तेवर होता. पुढच्या अभ्यासकांनी पैसा मोजला, कारण त्याचा आकडा मिळतो, आणि बराच घोळ तिथूनच झाला.

लायल स्क्रग्ज यांनी १९९८ मध्ये आक्षेप घेतला की श्रीमंतांना पर्यावरणाची चाड कमी असते हे गृहीत कशावरून? उलट पोट भरलेला माणूसच जंगलाची काळजी करतो. त्याच वर्षी मारियानो टोरास आणि बॉइस यांनी अनेक देशांतली हवा आणि पाणी तपासले. विषमतेच्या निर्देशांकाने एकसारखा कौल दिला नाही. कुठे अपेक्षेप्रमाणे, कुठे बरोबर उलटा. ठळकपणे पुढे आल्या त्या दोन गोष्टी: साक्षरता, आणि नागरी व राजकीय हक्क. गरीब देशांत ही दोन्ही जास्त तिथे हवा-पाणी बरे. बॉइस यांचा मूळ मुद्दा सत्तेचा होता हे लक्षात घेतले तर यात नवल वाटत नाही.

सत्ता नसलेल्या माणसाच्या दारात प्रदूषण कसे येते ते पाहायला लांब जायला नको. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटवल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत धाडण्यात आले. माहुलच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रासायनिक उद्योग आहेत. तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते, तरीही पुनर्वसनासाठी जागा सापडली ती तीच. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. तिथून फार दूर नसलेले देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे. २०१६ च्या जानेवारीत ते कित्येक दिवस पेटत राहिले तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. ते ज्या एम-पूर्व प्रभागात आहे तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या प्रभागांच्या तळाशी होता. या शहराचा कचरा सर्वांत जास्त कोण करतो आणि तो कोणाच्या शेजारी जाऊन पडतो, हे कळायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही.

जागतिक पातळीवरचे चित्रही तसेच आहे. ‘लॅन्सेट’च्या प्रदूषणविषयक आयोगाने २०१७ मध्ये सांगितले की २०१५ या एका वर्षात प्रदूषणाने सुमारे ९० लाख मृत्यू झाले आणि त्यांतले जवळपास ९२ टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. त्याआधी, १९९१ च्या डिसेंबरात, जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या नावाची एक अंतर्गत टिपणी फुटली होती. विषारी कचरा सर्वांत कमी मजुरीच्या देशात टाकणे अर्थशास्त्राच्या तर्काने बिनतोड आहे, असा तिचा सूर होता. ते उपरोधाने लिहिले होते असे नंतर सांगण्यात आले. असेलही. पण कचऱ्याची जहाजे उपरोधाने चालत नाहीत, ती त्याच तर्काने चालतात.

इथवर वाचून विषमता आणि प्रदूषण हातात हात घालून चालतात असे वाटेल. कार्बनचा विषय निघाला की हा हात सुटतो.

मार्टिन रॅव्हेलियन, मार्क हाइल आणि ज्योत्स्ना जलन यांनी २००० मध्ये दाखवले की इतर गोष्टी सारख्या असतील तर जास्त विषम देश कमी कार्बन सोडतात. कारण सरळ आहे. श्रीमंताच्या हातातले हजार रुपये गरिबाकडे गेले तर श्रीमंताचा विमानप्रवास फारसा घटत नाही, गरिबाच्या घरात मात्र पहिला पंखा फिरतो, पहिली मोटरसायकल येते, पत्र्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब पडतो. २०१७ मध्ये निकोल ग्रुनेवाल्ड आणि सहकाऱ्यांनी हा संबंध आणखी बारकाईने तपासला. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत विषमता जास्त तर उत्सर्जन कमी, आणि श्रीमंत देशांकडे सरकावे तसे समीकरण उलटते. श्रीमंत समाजात वरच्यांच्या उधळपट्टीची बरोबरी करण्याची चढाओढ लागते, हे त्याचे एक स्पष्टीकरण.

गरीब देशांबद्दलच्या या निष्कर्षाकडे पाहण्याची एक पद्धत मला अजिबात पटत नाही. विषमता हटवली तर हवामान बिघडेल, म्हणून पर्यावरण की समता यांतले एक निवडा, अशी. कोट्यवधी लोक अंधारात राहिल्यामुळे वाचलेला कार्बन ही कोणत्याही देशाची कमाई नव्हे. शिवाय सरासरीचा आडोसा घेऊन याच देशांतले वरचे लोक सुटतात. ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने २००७ मध्ये नेमके हेच म्हटले होते: हवामानाच्या वाटाघाटींत दरडोई कमी उत्सर्जनाचा दाखला देताना भारतातले श्रीमंत गरिबांच्या आड लपतात. पुढे लुकास शान्सेल यांनी जगभरचे आकडे मांडले. २०१९ मध्ये जगातल्या वरच्या १० टक्के लोकांच्या वाट्याला एकूण उत्सर्जनातले जवळपास ४८ टक्के येत होते आणि खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला १२ टक्के. १९९० मध्ये ही दरी मुख्यतः देशादेशांमधली होती, आता तिचा मोठा भाग प्रत्येक देशाच्या आतला आहे. कार्बनच्या बाबतीत तर पळवाट सगळ्यांत रुंद. तो सोडणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच गल्लीत काहीच सोसावे लागत नाही.

जंगलाचा हिशेब आणखी गमतीचा आहे. गरिबाच्या हातात थेट पैसे दिले तर जंगल वाचते की तुटते? मेक्सिकोत ‘ओपोर्तुनिदादेस’ योजनेत गरीब कुटुंबांना रोख मदत मिळे. जेनिफर ॲलिक्स-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की जिथे ती मदत पोचली तिथे जंगलतोड वाढली. हातात पैसे आल्यावर लोक मांस आणि दूध जास्त खाऊ लागले आणि त्यासाठी कुरणे वाढली. जिथे रस्ते वाईट, बाहेरून माल येत नाही, तिथे हा ताण गावाच्याच जंगलावर पडला. इंडोनेशियात पॉल फेरारो आणि रिझकी सिमोरांगकिर यांना २०२० मध्ये बरोबर उलटे आढळले. तिथल्या रोख मदतीच्या योजनेमुळे सुमारे साडेसात हजार गावांत जंगलतोड ३० टक्क्यांच्या आसपास घटली. तिथे पावसाने ओढ दिली की भातशेतकरी पोटासाठी जंगल साफ करत. मदतीचे पैसे आले तेव्हा ती वेळ आली नाही. गरिबी तीच, उपाय तोच. एका ठिकाणी पैशाने भूक वाढवली, दुसऱ्या ठिकाणी भीती घालवली. गरिबी हीच सर्वांत मोठी प्रदूषक आहे का, असा प्रश्न इंदिरा गांधींनी १९७२ मध्ये स्टॉकहोमला विचारला होता. तो आजही भाषणांत येतो, पण त्याचे एकच उत्तर नाही हे अशा अभ्यासांनी पक्के केले आहे.

ब्राझीलमध्ये मात्र विषमता थेट कुऱ्हाड होऊन जंगलात गेली. ईशान्य ब्राझीलमधल्या दुष्काळानंतर १९७० मध्ये मेदिसी यांच्या लष्करी राजवटीने ॲमेझॉन चिरत जाणारा महामार्ग बांधायला घेतला. भूमिहीनांना माणूस नसलेली जमीन, अशी घोषणा होती. म्हणजे बड्या जमीनदारांच्या जमिनीला हात न लावता भूमिहीनांचा प्रश्न जंगलावर ढकलायचा. त्या जमिनीवर माणसे नव्हती हेही खोटेच, तिथे आदिवासी होते. पाठोपाठ गुरांच्या कुरणांचे बडे मालक आले. रबर गोळा करणाऱ्यांचे नेते चिको मेंडेस यांचा २२ डिसेंबर १९८८ रोजी खून झाला तो याच झगड्यात. पुढे २००४ मध्ये वर्षाला २७,००० चौरस किलोमीटरच्या वर गेलेली तोड २०१२ मध्ये ४,६०० च्या आत आली आणि याच काळात ब्राझीलमधली उत्पन्नाची विषमताही घटली. दोन रेघा एकदम उतरल्या म्हणून एकीने दुसरी उतरवली असे म्हणण्याचा मोह होतो, पण उपग्रहाची पाळत, संरक्षित क्षेत्रे आणि सोयाबीनच्या व्यापाऱ्यांवरचा दबाव यांचा वाटा तिथे उघड आहे. पुढे पाळत ढिली पडताच तोड पुन्हा वाढली.

उलट दाखलेही समोर ठेवायला हवेत. सोव्हिएत संघात उत्पन्नाची विषमता कमी होती आणि अरल समुद्र कापसासाठी आटवला गेला. उत्पन्न सारखे असून सत्ता एका पक्षाच्या हाती असेल तर नदीकाठच्या कोळ्याला काय विचारतो कोण? चीनमध्ये तर उत्पन्नाची विषमता बरीच असूनही २०१३ च्या आराखड्यानंतर बीजिंगची हवा पाच-सात वर्षांत लक्षणीय सुधारली. तो धूर राजधानीत होता आणि त्यातून पक्षाच्या नेत्यांचीही सुटका नव्हती. त्याच चीनमध्ये ऑनलाइन खरेदीच्या आकड्यांवरून संशोधकांना दिसले की धुक्याच्या दिवशी एअर प्युरिफायर घेण्यात वरचे उत्पन्नगट पुढे असतात. दिल्लीतही आता तेच चालू आहे. हवेवरचा आरओ बाजारात आला आहे, आणि हवेच्या कायद्यामागचा जोर टिकतो का, हे येत्या दहा वर्षांत कळेल.

आकड्यांबद्दल एक अडचण सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. देशादेशांची तुलना करणारे बहुतेक अभ्यास विषमता मोजणाऱ्या गिनी गुणांकावर उभे असतात. भारताचा गिनी किती? खर्चाच्या सर्वेक्षणावरून जागतिक बँक २०२२-२३ साठी २५.५ सांगते, म्हणजे भारत जगातल्या समान देशांच्या पंगतीत. उत्पन्नाचा अंदाज बांधणारा जागतिक विषमता विदासंच ६२ सांगतो, म्हणजे अत्यंत विषम. गरीब देशांत खर्च मोजतात, श्रीमंत देशांत उत्पन्न, आणि दोन्ही एकाच रकान्यात जाऊन बसतात. अशा रकान्यावरून निघालेल्या अधिक-उण्या चिन्हांवर किती भिस्त ठेवायची? एखादी नदी, एखादे जंगल, एखादे लाभक्षेत्र घेऊन केलेला अभ्यास मला त्यामुळे जास्त विश्वासाचा वाटतो.

एन. एस. जोधा यांनी १९८० च्या दशकात भारताच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या ऐंशीहून अधिक गावांत तसा अभ्यास केला. गायरान, पडीक, तळी, ओढ्याकाठची जमीन यांतून गरीब कुटुंबांना उत्पन्नाचा साधारण सातवा ते चौथा हिस्सा मिळे. १९५० नंतरच्या तीस वर्षांत ही सामाईक जमीन एक तृतीयांश ते निम्म्याने आक्रसली. गरिबांना वाटण्याच्या नावाखाली ती खासगी झाली आणि बरीचशी धट्ट्याकट्ट्यांच्या सातबाऱ्यावर चढली. उरलेल्या तुकड्यांवर जनावरांची गर्दी झाली आणि तेही उजाड झाले. मोठा भागीदार असला तर तो स्वतःच्या फायद्यासाठी सामाईक संपत्ती जपेल, ही मॅन्सर ऑल्सन यांची अटकळ. प्रणब बर्धन यांनी तमिळनाडूतल्या ४८ सिंचन गावांत पाहिले तर जमिनीची विषमता जास्त तिथे कालव्याची निगा कमी होती.

महाराष्ट्रातल्या पाण्याला हे तंतोतंत लागू पडते. ऊस राज्याच्या पीकक्षेत्राचा चार टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन तृतीयांश वाटा पितो, असा अंदाज कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांपासून सगळीकडे दिला जातो. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, ठरलेले गिऱ्हाईक आहे, आणि कारखान्याच्या संचालक मंडळावरून विधानसभेपर्यंत सरळ जिना आहे. ज्वारी-तुरीला यातले काहीच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे आहेत आणि त्याच मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीची जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात.

जमिनीखाली तर चढाओढच असते. पाणी साधारण आठ मीटरपेक्षा खाली गेले की जमिनीवरचा साधा पंप ते ओढू शकत नाही, सबमर्सिबल लागते. म्हणजे पातळी तेवढी घसरली की ज्याच्याकडे भांडवल आहे तो खेळात राहतो आणि उरलेले बाहेर. मग तो आणखी खोल बोअर घेतो, शेजाऱ्याची विहीर आटते, शेजारी टँकरच्या रांगेत उभा राहतो. इथे विषमता आणि भूजलाचा ऱ्हास एकमेकांना वाढवत नेतात, आणि कारण कुठले, परिणाम कुठला, हे वेगळे काढणे अवघड होते.

यावर सर्वांत मूलगामी उत्तर महाराष्ट्रातच दिले गेले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या कारखानदार अभियंत्याने पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा: पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. साळुंख्यांनी कोणाचे उत्पन्न सारखे करायला घेतले नव्हते, त्यांनी फक्त पाण्याची मालकी जमिनीच्या मालकीपासून सोडवली. प्रयोग पुरंदरच्या आसपासच्या काही गावांत रुजला, राज्याचे धोरण झाला नाही. उसाची बंदी सरकारी कालव्यावर कोण आणणार होते?

२००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले. त्याच्या आधारावर प्राधिकरणाने २०१४ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडण्याचे सूत्र ठरवले. उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले, आणि तूट असेल त्या वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरातही, आंदोलने आणि याचिकांच्या गदारोळात ते पाणी खाली उतरले. गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या भागांत अशी वाटणी झाली. लाभक्षेत्राच्या आत मात्र याच कायद्याचा कोटा जमिनीच्या मापाने ठरतो. टंचाईत प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो एक एकर भिजेल एवढे पाणी द्यावे, इतपत त्याने मजल मारली आहे. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याच्यासाठी नायगावच्या नियमात वाटा होता. कायद्यात नाही.